दंतोद्गमकालीन चर्वणसाधने

आमची लेक साहेबांच्या बोटाला चावली तेव्हा फोटोग्राफर नेमका पिशवीत काहीतरी शोधत होता. त्यामुळे त्या प्रसंगाचा पुरावा नाही. आहे तो त्याच्या पुढचा फोटो. साहेबांच्या डाव्या हातावर लेक, उजवा हात पाठीमागे, आणि चेहऱ्यावर असं हसू की बघणाऱ्याला वाटावं, या माणसाला मुलांचा काय लळा! उजवा हात पाठीमागे का, हे फक्त मला आणि पाळणाघरातल्या मावशींना ठाऊक. लेकीलाही ठाऊक होतं, पण तिला अजून बोलता येत नव्हतं आणि पश्चात्ताप तर अजिबातच येत नव्हता.

आमचं ऑफिस पाणीपुरवठ्याचं. वरच्या मजल्यावर आम्ही बिलं करतो, खालच्या मजल्यावर मीटर दुरुस्त होतात. मीटरच्या खोलीला लागून पाळणाघर. ते काढावं असा वरून हुकूम आला म्हणून काढलेलं, आणि बंद करावं असा हुकूम अजून आला नाही म्हणून चालू असलेलं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून लेक माझ्याबरोबर तिथं यायची. साहेब वार्षिक पाहणीला आले, तिच्या गालाला हात लावला. तिनं तो हात दोन्ही हातांनी घट्ट धरला, बोट तोंडात घातलं आणि खालच्या दोन नव्याकोऱ्या दातांचं काम सुरू केलं.

"दात येताहेत, साहेब," मी मेल्याहून मेल्यासारखी होऊन म्हणाले. "हिरड्या शिवशिवतात. सारखं काहीतरी चावायला लागतं, आणि इथं तसं काही नाही."

तेवढ्यात फोटोग्राफरला पिशवीत हवं ते सापडलं होतं. साहेबांनी आवाज चढवला. "नाही म्हणजे काय? आपल्या ऑफिसातल्या मुलांना चावायला काही नाही? प्रस्ताव टाका. मी लगेच सही करतो."

त्या "लगेच"वर मी विश्वास ठेवला. इतकी वर्षं नोकरी करूनही ठेवला. आईपण माणसाला किती खुळं करतं, याचा याहून मोठा दाखला माझ्याकडे नाही.

आता, घरूनच का नाही आणलं, असं तुम्ही विचाराल. सगळ्यांनी विचारलं. आणलं होतं हो! मऊ रबरी कडं, वर बारीक गाठी असलेलं, तिचं लाडकं. पण पाळणाघराच्या दारावर पाटी आहे: "खासगी खेळणी आत आणू नयेत." पूर्वी म्हणे दोन आयांचं एका खुळखुळ्यावरून भांडण झालं आणि त्यांचे नवरे वेगवेगळ्या युनियनचे निघाले, तेव्हापासून. मावशींनी माझं कडं घेतलं, डोळ्यांनी माफी मागितली आणि कपाटावर ठेवून दिलं. मग लेकीनं पाळण्याचा रंग चावला, मावशींच्या पिशवीचा बंद चावला, आणि एके दिवशी दुपारी दूध पाजायला गेले तर तिच्या मुठीत मीटरचा जुना रबरी वॉशर. तोंडापासून बोटभर अंतरावर. तो पलीकडच्या खोलीतून कधी आणि कसा घरंगळत आला, कुणास ठाऊक. मी तो काढून घेतला आणि तिथंच फरशीवर बसले. लेक वॉशरसाठी रडत होती आणि मी कशासाठी रडत होते ते मावशींना कळत होतं.

तर, मी प्रस्ताव टाकला. अर्धं पान. "पाळणाघरातील बालकांसाठी दात येताना चावायची खेळणी खरेदी करावीत."

फाइल भांडारपालांकडे गेली. आमचे भांडारपाल वाईट गृहस्थ नाहीत. त्यांचा फक्त कुठल्याही वस्तूवर विश्वास नाही. वस्तू मुळात हरवण्यासाठीच जन्माला येते असं त्यांचं ठाम मत, आणि त्यांचं आयुष्य हे त्याविरुद्धचं एकाकी युद्ध.

"'चावायची खेळणी' असं लिहिता येत नाही," ते म्हणाले.

"का?"

"खेळणी म्हटलं की करमणूक झाली. करमणुकीला आपल्याकडे मान्यता नाही. आणि 'चावायची' हा शब्द फाइलवर बरा दिसत नाही. उद्या कुणी वाचलं तर?"

दोन दिवस विचार करून त्यांनीच शब्द दिला: दंतोद्गमकालीन चर्वणसाधने. तो उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. त्या शब्दानं काय झालं, तर फाइल ज्याच्या टेबलावर जाई तो माणूस आधी घाबरे आणि मग प्रश्न विचारे. पहिला प्रश्न आला, "या साधनांची आवश्यकता काय? सविस्तर टिपणी द्यावी."

मग मी अभ्यासाला लागले. लेकीच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. बाहेर ढीगभर पेशंट खोळंबलेले असताना त्यांनी मला बसवून सगळं समजावलं. घरी येऊन, लेक झोपली की मी लिहायला बसायची. एरवी माझं लिहिणं म्हणजे "सादर", "अवलोकनार्थ", "थकबाकीबाबत". पण या टिपणीत मी जीव ओतला. मी लिहिलं, की बाळाचं तोंड हा त्याचा पहिला हात असतो. बोटांना अजून अक्कल आलेली नसते, तेव्हा ओठ आणि जीभच त्याला सांगतात की जग गुळगुळीत आहे की खरबरीत, गार आहे की कोमट, दाबलं तर दबतं की नाही. वस्तू हातानं धरून अचूक तोंडापर्यंत नेणं हीच त्याची पहिली कामगिरी. पोट भरण्याशी तिचा संबंध नसतो. चावता चावता जबड्याला बळ येतं, जीभ आजूबाजूला वळायला शिकते. उद्या तीच जीभ घास फिरवणार, परवा शब्द. गाठी असलेलं कडं सुजलेल्या हिरड्यांना नुसतं सुख देत नाही, ते बाळाला जगाची ओळख करून देतं. आणि ही ओळख सुरक्षित वस्तूनं नाही करून दिली, तर बाळ ती हाताला लागेल त्या वस्तूनं करून घेतं. इथं मी वॉशरबद्दल लिहिलं.

नवऱ्यानं वाचलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. कमी बोलतो. म्हणाला, "चांगलं आहे. कळलं मला." आमच्या घरात ही फार मोठी स्तुती आहे.

टिपणीची बातमी बिल्डिंगीत पसरली, कारण सासूबाईंना बघायला आलेल्या प्रत्येकाला त्या ती वाचून दाखवत. मग सल्ल्यांचा पूर आला. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं म्हणणं, मुलांना जास्त चावू दिलं की पुढं ती तोंडाळ निघतात. त्यांची स्वतःची मुलगी सासरी भांडते, ती लहानपणी उशीचा कोपरा चावायची, हा पुरावा. समोरच्या निवृत्त मास्तरांनी सांगितलं, की चावल्यानं जबडा रुंदावतो आणि मग मुलीचं लग्न जमायला त्रास होतो. "माझा मुलगा टीव्हीचा रिमोट चावून मोठा झाला," वरचे काका म्हणाले, "आज परदेशात आहे." तो परदेशातून फोन का करत नाही, हे रिमोटवर ढकलता येईल का, असं मी विचारणार होते, पण नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. सासूबाई सगळ्यांचं ऐकून घेत आणि सगळ्यांना "बरोबर आहे" म्हणत. पाय लांब करून बसलेल्या माणसाला भांडण परवडत नाही.

टिपणीवर शेरा आला: "मुद्दा वैद्यकीय दिसतो. आरोग्य विभागाचे मत घ्यावे." आरोग्य विभागानं पुष्कळ दिवसांनी मत दिलं: "हरकत नाही. तथापि शिफारसही नाही." तोपर्यंत लेकीचे वरचे दोन दात आले होते आणि तिनं पाळण्याच्या एका बाजूचा रंग संपवला होता.

मग समिती नेमली. तीन जण: भांडारपाल, पाइपलाइनचे इंजिनियर आणि मी. इंजिनियर का, तर वस्तू रबरी आहे आणि रबराचं ऑफिसात त्यांनाच कळतं. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "किती दाब येतो?"

"कशावर?"

"साधनावर. बालकाच्या जबड्याचा दाब किती? त्याशिवाय जाडी कशी ठरवणार?"

मी म्हटलं, साहेबांना विचारा, त्यांना अनुभव आहे. ते कुणाला कळलं नाही हे माझं नशीब.

नमुने आले. बैठकीच्या लांबलचक टेबलावर रंगीत कडी, रबरी किल्ल्या, लाकडी फळं. इंजिनियरांनी एक कडं उचललं, ताणलं, नखानं दाबलं, इकडेतिकडे बघितलं, रुमालानं पुसलं आणि कचकन चावलं. डोळे मिटून थोडा वेळ तसेच बसले. "हे बरं आहे," म्हणाले. भांडारपालांना राहवलं नाही. त्यांनी दुसरं चावलं. त्यांची दाढ दुखत होती म्हणे कित्येक दिवस, तिला बरं वाटलं. चहा घेऊन आलेला शिपाई दारातच थबकला. वरिष्ठ मंडळी बंद खोलीत बसून रबरी किल्ल्या चघळताहेत हे दृश्य त्यानं पाहिलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते सगळ्या इमारतीनं पाहिल्यासारखं झालं. त्या दिवसापासून समितीला "चावरी समिती" म्हणू लागले. त्यातले दोघे पुरुष होते, ते सुटले. मी एकटी "चावऱ्या बाई" झाले. पाणी तोडलेल्या एका ग्राहकानंसुद्धा खिडकीवर येऊन विचारलं, "चावऱ्या बाई त्या कुठं बसतात?"

मी हसले. हसण्यावारी न्यायचं असतं असं म्हणतात. नेलं. पण बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून थोडा वेळ उभी राहिले, तेही खरं.

माझ्या शेजारच्या टेबलावर आवक-जावकची मुलगी बसते. येणाऱ्या-जाणाऱ्या टपालाचं काम तिच्याकडे. तिला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. ती तेवढी हसायची नाही. म्हणायची, "ताई, तुम्ही करताय ते आमच्यासाठी चाललंय. माझं होईपर्यंत येतील ना खेळणी?" मी छाती पुढं काढून म्हणायची, "म्हणजे काय! तुझं होईपर्यंत दुसरी खेप येईल."

सगळ्यांत स्वस्त माल देणाऱ्याला ऑर्डर गेली आणि खोकं आलं. भांडारपालांनी मला उघडायला बोलावलं. खोक्यावर एक कुत्र्याचं पिल्लू होतं, जीभ बाहेर काढलेलं, फार गोड. आत रबरी हाडं. पाच-सहा वेगवेगळ्या आकारांची, सगळी हाडं. मी एक नाकाशी नेलं. मटणाचा वास.

"ही कुत्र्यांची आहेत," मी म्हणाले.

माल घेऊन आलेला विक्रेत्याचा माणूस जराही गडबडला नाही. "मॅडम, जे कुत्र्याच्या दाताला टिकतं ते तुमच्या बाळाला नाही टिकणार?"

"टिकायचा प्रश्न नाही. वास येतोय."

"वास जातो दोन-तीनदा धुतल्यावर. कुत्री तक्रार करतात, वास गेला म्हणून."

इंजिनियरांनी दाबून बघून निर्वाळा दिला की दर्जा उत्तम आहे. भांडारपाल म्हणाले, "ऑर्डरमध्ये 'चर्वणसाधने' लिहिलंय. कुणाची ते लिहिलेलं नाही. आणि चित्राचं म्हणाल तर बाळ काय खोकं वाचणार आहे?" शब्द त्यांचा होता. मी तो मुकाट्यानं घेतला होता. आता तोच शब्द हाडं घेऊन माझ्यासमोर उभा होता.

मी सही दिली नाही. माल बरोबर नाही असं लेखी दिलं. तिथून माझे दिवस फिरले. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले नाहीत.

"तुम्हीच मागितलं, आता तुम्हीच अडवताय?"

"साहेब, ती कुत्र्यांची हाडं आहेत."

"तुमचा हेतू चांगला आहे हो," साहेब म्हणाले. हेतू चांगला आहे असं वरिष्ठ म्हणाले की समजावं, बाकी सगळं वाईट ठरलंय. "पण जरा जुळवून घ्यायला शिका. एवढं मोठं ऑफिस, शहराला पाणी पाजायचंय. आणि आपण काय करतोय, तर चावतोय!"

मी म्हटलं, "तुमच्या नातवाला द्याल?"

मी बोलून गेले आणि माझीच दातखीळ बसली. साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. मग हळूच म्हणाले, "जा तुम्ही." दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे थकबाकीवाल्यांची खिडकी आली, जिथं माणसं फक्त ओरडायला येतात. कारण कुणी दिलं नाही, मी विचारलंही नाही. हाडं मात्र परत गेली. का गेली ते कळलं नाही. साहेबांच्या घरी नातू आहे आणि तो रांगायला लागलाय, एवढंच मला माहीत होतं.

खरी खेळणी आली तेव्हा लेक पकडून पकडून चालायला लागली होती. तोंडभर दात. तरी मला आनंद झाला. कडी होती, गाठींची, अखंड, कुठं तुकडा निघायची भीती नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली तशीच्या तशी. मी पाळणाघराकडे निघाले तर भांडारपाल आडवे आले.

"नंबर टाकायचाय."

ऑफिसच्या प्रत्येक टिकाऊ वस्तूवर ऑइलपेंटनं नंबर टाकतात. खुर्चीवर, पंख्यावर, कचऱ्याच्या डब्यावर. मी त्यांच्यापुढं दातांच्या कण्या केल्या. अहो, मुलं ती तोंडात घालणार, रंग पोटात जाईल. ते विचारात पडले. त्यांनाही नातवंडं आहेत. शेवटी म्हणाले, "टिकाऊ नको असेल तर खर्चाऊ दाखवू. पण मग वापरल्यावर संपली पाहिजेत."

"संपणार कशी? चावायची आहेत, खायची नाहीत."

"मग टिकाऊ. मग नंबर."

तोडगा निघाला तो असा: रंग नाही, नंबर नाही, पण कडी रोज सकाळी भांडारातून मावशींनी सही करून न्यायची आणि संध्याकाळी मोजून परत करायची. मावशी बिचाऱ्या रोज ती उकळत्या पाण्यात घालून पुसून मुलांना देत. आणि काय सांगू, पाळणाघर बदललं हो! मुलं एकेका कोपऱ्यात बसून हातातलं कडं फिरवून फिरवून बघायची, चावायची, परत बघायची. एका मुलीची तर समाधी लागायची. आमच्या लेकीला खरं तर गरज उरली नव्हती, तरी ती आपलं कडं घेऊन पाळण्याच्या दांडीवर वाजवत बसायची. मी जेवणाच्या सुट्टीत दारात उभी राहून बघत राहायची. खिडकीवर दिवसभर खाल्लेल्या शिव्या तिथं उतरायच्या. आवक-जावकची मुलगी पोटावर हात ठेवून माझ्याशेजारी उभी राहायची. ती नंतर रजेवर गेली.

हे सुख वार्षिक मोजणीपर्यंत टिकलं. मोजणीला बाहेरून माणूस येतो, चष्म्यावरून बघणारा. त्यानं खुर्च्या मोजल्या, पंखे मोजले, कडी मोजली. संख्या बरोबर भरली. मग एक कडं उजेडात धरलं आणि लिहिलं: "सर्व साधनांवर दातांच्या खुणा आढळल्या. संबंधितांनी खुलासा करावा."

संबंधित म्हणजे मी. मी लिहिलं, "सदर खुणा बालकांच्या दातांच्या आहेत. साधने त्याकरिताच घेतली आहेत." उत्तर आलं, "कोणत्या साधनावर कोणत्या बालकाच्या खुणा, ते स्पष्ट करावे." मी मावशींना विचारलं. त्या हसत सुटल्या, मग एकाएकी विचारलं, "बाई, माझ्या पगारातून तर नाही ना कापणार?" आपण या बाईला कशात ओढलं, असं झालं. मी सगळं स्वतःच्या नावावर घेतलं. "खुणांस मी जबाबदार आहे," असं लिहून दिलं. आता ऑफिसच्या कागदोपत्री ती सगळी कडी मी चावलेली आहेत. चावऱ्या बाई हे नाव अधिकृत झालं म्हणायला हरकत नाही.

पुढं नुकसान टाळण्यासाठी कडी मुलांना देणं बंद करण्यात आलं. पण एवढ्या मेहनतीनं घेतलेल्या वस्तू भांडारात पडून राहणं बरं दिसत नाही, म्हणून साहेबांनी डोकं लढवलं. खाली प्रवेशद्वाराशी, जुन्या पितळी मीटरच्या शेजारी, काचेचं कपाट केलं. आत दिवा, मखमलीवर ओळीनं मांडलेली कडी, त्यातल्या त्यात कमी चावलेली बाजू वर. वर पाटी: "बालस्नेही कार्यालय." पाहुणे आले की तिथं थांबतात. ऑफिसच्या पत्रिकेच्या अंकात साहेबांचा लेख आला, बोटाला काही झालंच नाही असं दाखवणाऱ्या त्या जुन्या फोटोसकट. "बाळाचं तोंड हा त्याचा पहिला हात असतो," अशी त्याची सुरुवात होती. मी पूर्ण वाचला. एक शब्द बदललेला नव्हता. नाही, एक बदल होता. वॉशरचा परिच्छेद गाळला होता.

मी अंक घरी नेऊन टेबलावर ठेवला. नवऱ्यानं अंक वाचला आणि दुमडून कपाटावर टाकला. जेवताना म्हणाला, "सांगणार नाहीस का कुणाला?" मी विचारलं, कुणाला? सासूबाई म्हणाल्या, "छापून तर आलं ना! लोक वाचतील." त्या मनापासून म्हणाल्या, म्हणून मला जास्त लागलं.

रजा संपवून आवक-जावकची मुलगी परत आली ती बाळाला घेऊनच. गुबगुबीत मुलगा, हनुवटीवरून लाळ वाहतेय, हाताला येईल ते तोंडात. ती माझ्या खिडकीशी आली. माझ्यासमोर रांग होती, एक गृहस्थ न आलेल्या पाण्याच्या बिलाबद्दल बोलत होते. ते बोलून दमले तेव्हा ती म्हणाली, "ताई, मावशी म्हणतात कडी कपाटात आहेत. काढून घ्यायला काय करावं लागेल? मी लिहू का काही?"

मला ऐकू आलं, मीच बोलतेय. "कशाला भानगडीत पडतेस? तुझी अजून पुष्कळ नोकरी व्हायचीय. जरा जुळवून घे."

तिचा चेहरा उतरला. पण ती तरुण आहे. तिनं पिशवीतून पत्रिकेचा अंक काढला. पान दुमडून ठेवलेलं होतं. "रजेत असताना टपालानं आला. मी कितीदा वाचला! 'उद्या तीच जीभ घास फिरवणार, परवा शब्द.' ताई, ज्यानं हे लिहिलंय त्याला आईचं मन कळतं. साहेब वरून कडक वाटतात, पण आत असं आहे बघा. मी सरळ त्यांनाच जाऊन भेटते."

मी तोंड उघडलं. रांगेतला पुढचा माणूस खिडकीवर बिल आपटत होता. मी तोंड मिटलं आणि म्हणाले, "जा. भेट."

ती गेली. मी दोन बिलं चुकीची केली. ती परत आली तेव्हा अंक गुंडाळून हातात धरलेला होता.

"काय म्हणाले?"

"मी हा परिच्छेद वाचून दाखवला. शांतपणे ऐकलं त्यांनी. म्हणाले, 'वा! फार छान. कुणी लिहिलंय हे?'"

"मग?"

"मी म्हटलं, साहेब, तुम्हीच. तर अंक हातात घेऊन आपलं नाव बघितलं आणि म्हणाले, 'हो का? मग बरोबरच असेल.'" ती हसायचा प्रयत्न करत होती. "पण कपाट उघडता येणार नाही म्हणाले. पाहुणे येतात बघायला."

खाली पाळणाघरात तिचं बाळ रडायला लागलं होतं. जिन्यातून आवाज वर येत होता. तिनं माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी म्हणेन असं तिला वाटत होतं.

"सध्या त्याला काय देतेस चावायला?" मी विचारलं.

"रुमालाचं टोक."

"तेच दे," मी म्हणाले. "रोज स्वच्छ धुऊन दे म्हणजे झालं." आणि रांगेकडे वळून पुढच्याला विचारलं, "बोला, तुमचं काय?"